मेल-संग्रहाचा सर्व्हर बदलताना शोधाचा इंडेक्स सोबत न्यावा की नव्याने बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या संस्थेत मेल जपून ठेवण्यासाठी पायलर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अनेक वर्षे वापरात आहे. जुना सर्व्हर उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, त्यावरची शोधयंत्रणा स्फिंक्स २.२ ची आहे आणि संग्रहात सुमारे २० लाख मेल आहेत. आता नवा सर्व्हर आला असून त्यावर पायलरची नवी आवृत्ती मँटिकोर या शोधयंत्रणेसह बसवायची आहे. इंडेक्सच्या, म्हणजे शोधासाठी तयार केलेल्या शब्दसूचीच्या, फाइली जुन्या सर्व्हरवरून उचलून नव्यावर ठेवल्या तर चालेल का, नसेल चालत तर किती वेळ जाईल, आणि तोवर लेखापरीक्षकांना जुने मेल शोधता येतील का, असे त्याचे तीन भाग आहेत.

थेट उत्तर आधी देतो. इंडेक्सच्या फाइली नेऊ नका. मूळ मेलच्या फाइली, डेटाबेस आणि एन्क्रिप्शनची (मजकूर कुलूपबंद करण्याची) की या तीन गोष्टी जिवापाड सांभाळून न्या आणि इंडेक्स नव्या सर्व्हरवर नव्याने बांधा. तो पूर्ण होऊन तपासला जाईपर्यंत जुना सर्व्हर फक्त शोधण्यासाठी चालू ठेवा, म्हणजे लेखापरीक्षकांचे काम एक दिवसही अडणार नाही. हे असे का आणि कसे, ते आता सविस्तर लिहितो, कारण या कामात होणारे नुकसान बहुतेक वेळा त्या दिवशी दिसत नाही. दोन वर्षांनी कोणीतरी एखादा मेल शोधतो, तो सापडत नाही आणि ‘असा मेल आलाच नव्हता’ असा निष्कर्ष निघतो, तेव्हा ते उघडकीस येते.

पायलरच्या संग्रहात कोणती गोष्ट कुठे असते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. मेल आला की त्याचा मूळ मजकूर संकुचित आणि एन्क्रिप्ट होऊन स्टोअर फोल्डरमध्ये फाइल म्हणून बसतो. अटॅचमेंट वेगळी काढली जाते आणि तीच अटॅचमेंट पुन्हा आली तर तिची दुसरी प्रत ठेवली जात नाही. पाठवणारा, विषय, तारीख, आकार आणि मेलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) या गोष्टी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीमधील मेटाडेटाच्या तक्त्यात जातात आणि मेल कोणाला गेला त्या पत्त्यांसाठी वेगळा तक्ता असतो. मेलमधील शब्द शोधता यावेत म्हणून काढलेला मजकूर मात्र डेटाबेसमध्ये कायमचा राहत नाही. साध्या इंडेक्सच्या रचनेत तो एका तात्पुरत्या तक्त्यात उतरतो, ठरावीक वेळाने चालणारा इंडेक्सर तो वाचतो आणि वाचून झाल्यावर तक्त्यातून पुसून टाकतो. म्हणजे मेलमधील शब्द शेवटी दोनच ठिकाणी उरतात, एन्क्रिप्ट केलेल्या मूळ फाइलीत आणि इंडेक्समध्ये. यांपैकी मूळ फाइल हा पुरावा आहे आणि इंडेक्स हे त्यावरून केव्हाही पुन्हा तयार करता येणारे साधन आहे. ज्या वस्तू पुन्हा तयार करता येत नाहीत त्यांची काळजी आधी घ्यायची, हा या संपूर्ण कामातील क्रम आहे.

इंडेक्स मेलला ओळखतो तो मेटाडेटाच्या तक्त्यातील अनुक्रमांकाने. ‘निविदा’ हा शब्द कोणकोणत्या क्रमांकांच्या मेलमध्ये आहे एवढेच त्याला माहीत असते, तो क्रमांक कोणत्या मेलचा हे डेटाबेस सांगतो. काही जण नव्या सर्व्हरवर रिकामा पायलर बसवतात, जुने मेल एक्स्पोर्ट करून त्यात इम्पोर्ट करतात आणि वेळ वाचावा म्हणून जुना इंडेक्स त्यावर ठेवतात. इम्पोर्ट करताना मेलना नवे क्रमांक मिळालेले असतात. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीतील पानक्रमांक जसे दुसऱ्या आवृत्तीला लागू पडत नाहीत, तसा तो इंडेक्स शोध घेतल्यावर भलतेच मेल समोर ठेवतो, आणि तेही कोणतीही त्रुटी न दाखवता. शिवाय अशा इम्पोर्टमध्ये वापरकर्त्यांनी मेलना लावलेले टॅग आणि लिहिलेल्या टिपाही हरवतात, कारण त्याही जुन्या क्रमांकांना बांधलेल्या असतात. म्हणून डेटाबेस जसाच्या तसा, क्रमांकांसकट हलवायचा. एक्स्पोर्ट-इम्पोर्टचा मार्ग सॉफ्टवेअरच बदलायचे असेल तेव्हाचा आहे.

आता समजा तुम्ही डेटाबेस क्रमांकांसकट हलवला. मग तरी इंडेक्सच्या फाइली उचलून ठेवता येतील का? पहिली अडचण स्वरूपाची आहे. मँटिकोर २०१७ मध्ये स्फिंक्समधूनच फुटून निघाली, त्यामुळे दोघींचे घराणे एक आहे, पण मँटिकोरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून डिस्कवरील रचना बदलली आणि जुन्या फाइली ती थेट उघडत नाही. त्यासाठी मँटिकोरने इंडेक्स कन्व्हर्टर नावाचे साधन दिले आहे आणि ते स्फिंक्स २ च्या काळातील इंडेक्स नव्या स्वरूपात आणते, हे खरे आहे. तरी मी ते सुचवत नाही. कन्व्हर्टर फाइलीची मांडणी बदलतो, आतील शब्द बदलत नाही. जुन्या इंडेक्सरने मजकुराचे शब्द ज्या नियमांनी तोडले, जी अक्षरे ग्राह्य धरली आणि जी गाळली, तो निकाल तसाच गोठलेला राहतो. नवी यंत्रणा मात्र तुम्ही टाइप केलेला शोधशब्द नव्या नियमांनी तोडते. दोन्हींत फरक पडला की शब्द इंडेक्समध्ये असूनही सापडत नाही. पायलरच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण तो इंडेक्स करण्यापूर्वी मजकुरावर स्वतःचे संस्कार करतो. उदाहरणार्थ, मेलच्या पत्त्यातील ‘ॲट’चे चिन्ह, टिंब, आडवी रेघ यांच्या जागी तो रोमन लिपीतील ‘एक्स’ हे अक्षर घालतो, म्हणजे पत्ता एकसंध शब्द म्हणून शोधता येतो. सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांत असे संस्कार एकसारखेच असतील यावर विसंबून २० लाख मेलचा शोध ठेवणे मला पटत नाही.

दुसरी अडचण कॉपी करण्याच्या क्षणाची आहे. शोधयंत्रणा चालू असताना फाइली उचलल्या तर स्मृतीत झालेले काही बदल डिस्कवर उतरलेले नसतात, मुख्य इंडेक्स आणि डेल्टा (नव्या मेलचा छोटा) इंडेक्स एकत्र करण्याचे काम अर्धवट असू शकते, आणि काही फाइली आधीच्या तर काही नंतरच्या क्षणाच्या अशी भेसळ होते.

फाइली नेणे ज्यात योग्य ठरते अशी एक स्थिती आहे, तीही सांगतो. फक्त यंत्र बदलायचे आहे, पायलरची आवृत्ती तीच, शोधयंत्रणेची आवृत्ती तीच, तिची कॉन्फिगरेशन फाइल अक्षरशः तीच आणि डेटाबेसही क्रमांकांसकट हलवलेला, अशा वेळी शोधयंत्रणा व्यवस्थित बंद करून, क्रॉनमधील (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेतील) इंडेक्सरची कामे थांबवून फाइली न्याव्यात आणि पोहोचल्यावर इंडेक्सटूलच्या चेक या पर्यायाने त्या तपासाव्यात. अपग्रेडही करायचे आणि यंत्रही बदलायचे असेल तर ही दोन कामे वेगळी करून आधी जुन्या आवृत्तीसकट स्थलांतर आणि मग अपग्रेड, असाही मार्ग आहे. पण तुमचा जुना सर्व्हर उबुंटू १८.०४ वर आहे आणि त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २०२३ मध्येच संपला. ते जुने ओझे नव्या यंत्रावर पुन्हा उभारण्यात अर्थ नाही.

ही गोष्ट केवळ पायलरची नाही, म्हणून दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. एंटरप्राइझ व्हॉल्ट या मेल-संग्रहाच्या सॉफ्टवेअरच्या दहाव्या आवृत्तीत ३२ बिटांची शोधयंत्रणा जाऊन ६४ बिटांची आली आणि चौदाव्या आवृत्तीत इलॅस्टिकसर्च आली. प्रत्येक वेळी यंत्रणाच वेगळी होती, त्यामुळे जुन्या इंडेक्सच्या फाइली नव्या यंत्रणेला वाचता येणे शक्यच नव्हते. ज्या उत्पादनांच्या पोटात ल्युसीन ही शोधयंत्रणा आहे तिथे नियम असा, की ल्युसीन आपल्याच किंवा लगतच्या आधीच्या मुख्य आवृत्तीत तयार झालेला इंडेक्सच उघडते. आठव्या आवृत्तीपासून तर इंडेक्स मुळात कोणत्या आवृत्तीत जन्मला हेच पाहिले जाते, त्यामुळे सहाव्यातील इंडेक्स सातव्यात एकत्र करून आठव्यात नेण्याची जुनी युक्ती चालत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये डेटा फोल्डरची कॉपी हा ग्राह्य बॅकअप मानलाच जात नाही, तिथे स्नॅपशॉट आणि रिस्टोअर हाच रस्ता आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या टप्प्यात जुना संग्रह चालू असतानाच स्टोअर फोल्डर आरसिंकने (फक्त बदललेला भाग कॉपी करणाऱ्या साधनाने) नव्या सर्व्हरवर न्यायला सुरुवात करा. जमा झालेले मेल बदलत नाहीत, फक्त नवे वाढतात, त्यामुळे मोठा भाग असा आधीच जाऊन बसतो आणि शेवटच्या दिवशी फरकापुरतेच काम उरते. फाइलींची मालकी आणि परवानग्या कायम राहतील याकडे लक्ष द्या, कारण नव्या सर्व्हरवर पायलरच्या वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक वेगळा असू शकतो. की फाइल याच वेळी न्या, तिची आणखी एक प्रत दोन्ही सर्व्हरबाहेर सुरक्षित ठेवा आणि दोन्हीकडे तिचा हॅश काढून तो सारखाच आहे हे पाहा. पायलरची नवी स्थापना स्वतःची नवी की तयार करते. ती तशीच राहिली आणि तिच्यावर नवे मेल जमा होऊ लागले, तर एकाच संग्रहात दोन वेगळ्या कींनी एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींची सरमिसळ होईल आणि ती निस्तरणे फार कठीण जाईल. म्हणून जुनी की जागेवर बसून एक जुना मेल उघडून दिसेपर्यंत नव्या सर्व्हरकडे एकही मेल वळवायचा नाही.

याच कारणासाठी, आणि क्रमांकांच्या कारणासाठीही, ‘दोन्ही सर्व्हरना काही दिवस एकाच वेळी मेल देऊ’ हा विचार डेटाबेस हलवण्यापूर्वी करू नका. वरवर तो सुरक्षित वाटतो, पण नवा सर्व्हर त्या मेलना स्वतःचे क्रमांक देतो आणि नंतर जुना डेटाबेस त्यावर आणताना क्रमांकांची टक्कर होते. मेल हरवण्याची भीती असेल तर ती अनाठायी आहे. संग्रहाकडे मेल पाठवणारा मेल-सर्व्हर पोस्टफिक्स असेल तर समोरचा सर्व्हर बंद दिसल्यावर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मूळ सेटिंगमध्ये ही मुदत ५ दिवसांची असते. एक्स्चेंजमध्ये ती मूळ सेटिंगनुसार २ दिवसांची आहे. स्थलांतरासाठी लागणारे काही तास यात आरामात बसतात. मात्र आधी ही मुदत कोणी कमी केलेली नाही ना, आणि रांगेसाठी डिस्कवर जागा आहे ना, एवढे पाहून ठेवा.

ठरलेल्या दिवशी जुन्या सर्व्हरवरील मेल स्वीकारणारी सेवा बंद करा. इंडेक्सरला शेवटचे एकदा चालू द्या आणि तात्पुरता तक्ता रिकामा झाल्याची खात्री करा, म्हणजे जुना इंडेक्स शेवटच्या मेलपर्यंत पूर्ण होईल. मग डेटाबेसचा डंप, म्हणजे संपूर्ण प्रत, घ्या, आरसिंकची शेवटची फेरी मारा आणि डंप नव्या सर्व्हरवर चढवा. डंप घेताना आणि चढवताना अक्षरसंच स्पष्टपणे नमूद करा. तो गृहीत धरला तर इंग्रजी विषय सुरळीत दिसतात आणि मराठी विषयांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात, आणि तपासणारा इंग्रजी मेलच उघडून पाहत असेल तर हे लक्षातही येत नाही. डंप चढल्यावर पायलरसोबत येणाऱ्या डेटाबेस-अपग्रेडच्या स्क्रिप्ट जुन्या आवृत्तीपासून नव्यापर्यंत क्रमाने चालवा, मधली एकही वगळू नका. यानंतर वेबवरून नव्हे तर सर्व्हरवरच पायलरगेट या आज्ञेने वेगवेगळ्या वर्षांतील काही मेल काढून पाहा. ते नीट उघडले, अटॅचमेंटसकट दिसले, तरच पुढे जा. इंडेक्स या क्षणी पूर्ण रिकामा आहे आणि ते ठीक आहे.

मग रांगेतील मेल नव्या सर्व्हरकडे सोडा. ते जुन्या क्रमांकांच्या पुढचे क्रमांक घेऊन बसतील आणि नेहमीप्रमाणे इंडेक्स होऊ लागतील. जुना सर्व्हर आता नवे मेल घेत नाही, पण त्याची शोधाची वेबसेवा चालू आहे. लेखापरीक्षकांना एवढेच सांगायचे, की अमुक तारखेपर्यंतचे मेल जुन्या पत्त्यावर शोधा आणि त्यानंतरचे नव्या पत्त्यावर. जुन्या सर्व्हरवर मुदत संपलेले मेल पुसणारे काम मात्र लगेच बंद करा, आणि नव्यावरही पडताळणी संपेपर्यंत ते सुरू करू नका.

इंडेक्स नव्याने बांधण्यासाठी पायलरची रीइंडेक्स ही आज्ञा आहे. ती प्रत्येक मेलची फाइल उघडून तिचे एन्क्रिप्शन सोडवते, मेलची उकल करते, अटॅचमेंटमधील मजकूर काढते आणि तो इंडेक्सरकडे देते. अटॅचमेंटमधील मजकूर काढण्याचे काम पायलर मोठ्या प्रमाणात बाहेरच्या छोट्या साधनांकडून करून घेतो. पीडीएफसाठी पीडीएफटूटेक्स्ट, जुन्या वर्ड फाइलींसाठी कॅटडॉक, आरटीएफसाठी अनआरटीएफ, आउटलुकच्या विनमेल फाइलींसाठी टीनेफ, ही त्यांतली नावे. पायलर स्रोतापासून कॉम्पाइल केला तर ही साधने त्या वेळी यंत्रावर आहेत की नाहीत हे पाहिले जाते आणि जे सापडत नाही ते गृहीत धरले जात नाही. नव्या सर्व्हरवर पीडीएफटूटेक्स्ट बसवायचे राहिले तर रीइंडेक्स कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते, मेलची संख्या अचूक जुळते आणि एकाही पीडीएफमधील एकही शब्द सापडत नाही. स्थलांतराच्या कामात मला सर्वांत घातक वाटते ती ही चूक, कारण संस्थेचा खरा पत्रव्यवहार, करार, बिले, आदेश, हे सगळे पीडीएफमध्येच असते. म्हणून मोठे काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या अटॅचमेंटचा एकेक मेल नव्या सर्व्हरकडे पाठवा आणि अटॅचमेंटच्या आतील शब्दाने तो शोधून पाहा.

मँटिकोरमध्ये साधा इंडेक्स ठेवायचा की रिअल-टाइम इंडेक्स, हेही आधीच ठरवा. रिअल-टाइम प्रकारात मजकूर थेट शोधयंत्रणेकडे जातो आणि आलेला मेल लगेच शोधता येतो. माझे मत नव्या स्थापनेसाठी रिअल-टाइमच्या बाजूने आहे. पण निर्णय रीइंडेक्सच्या आधी व्हायला हवा, नंतर मत बदलले तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

किती वेळ लागेल याचे उत्तर मोजूनच मिळते. रीइंडेक्सला क्रमांकांचा पट्टा देता येतो. जुन्या, मधल्या आणि अलीकडच्या काळातील दहा-दहा हजार मेलचे तीन पट्टे चालवून वेळ मोजा, कारण अलीकडच्या मेलमधील अटॅचमेंट मोठ्या असतात आणि एकाच पट्ट्यावरून केलेला अंदाज चुकतो. समजा सरासरी सेकंदाला २० मेल झाले, तर २० लाख मेलना १ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास लागतील. वेग बहुधा डिस्कवर आणि पीडीएफच्या प्रमाणावर ठरतो. साधा इंडेक्स असेल तर सगळे मेल एका दमात देऊ नका. तात्पुरता तक्ता फुगतो, आणि इनोडीबीची (डेटाबेसच्या साठवणयंत्रणेची) फाइल एकदा फुगली की नोंदी पुसल्याने आपोआप लहान होत नाही. एक पट्टा द्या, डेल्टा इंडेक्सर चालू द्या, तक्ता रिकामा झाला की पुढचा पट्टा द्या. रात्री मुख्य इंडेक्स एकत्र करणारे क्रॉनचे काम आणि तुम्ही हाताने सुरू केलेले काम एकाच वेळी चालणार नाही हे पाहा. अलीकडची वर्षे आधी घेतली तर बहुतेकांची गरज पहिल्याच दिवशी भागते.

रीइंडेक्सपूर्वीची आणखी एक तयारी मराठी मजकुराची आहे आणि महाराष्ट्रातील संस्थांनी ती टाळू नये. स्फिंक्स आणि मँटिकोरमध्ये कोणती अक्षरे शब्दाचा भाग मानायची याची यादी कॉन्फिगरेशनमध्ये असते. जुन्या स्फिंक्सच्या मूळ यादीत इंग्रजी आणि रशियन अक्षरेच होती. तुमच्या यादीत देवनागरी आहे का, आणि असल्यास नुसती मूळाक्षरे आहेत की काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलंतही आहेत, ते पाहा. ही चिन्हे युनिकोडमध्ये स्वतंत्र असतात. ती यादीत नसतील तर यंत्रणा त्यांना शब्दातील खंड समजते, ‘निविदा’चे न, व, द असे तुकडे होतात आणि शोध निरुपयोगी ठरतो. युनिकोडमधील देवनागरीचा संपूर्ण विभाग, दंड आणि दुहेरी दंड वगळून, यादीत घाला.

त्यापुढे अर्ध्या र च्या जोडाक्षराचा प्रश्न येतो. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी खालच्या टिंबाचे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, यंत्रणेला मात्र ते वेगळे शब्द आहेत. कॉन्फिगरेशनमध्ये टिंबाच्या र ला साध्या र वर वळवता येते आणि न दिसणारी जोडचिन्हे दुर्लक्षित अक्षरांच्या यादीत घालता येतात. एवढे केल्यावर दोन्ही रूपे एकाच शोधात सापडतात. हे नियम इंडेक्स बांधतानाच लागू होतात, म्हणून रीइंडेक्स ही ते दुरुस्त करण्याची योग्य वेळ आहे आणि जुना इंडेक्स सोबत न नेण्याचे हे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण आहे. अनेक कार्यालयांत ‘आपल्याकडे मराठीत शोध चालत नाही’ असे गृहीत धरून लोक वर्षानुवर्षे तारखा आणि पाठवणाऱ्याची नावे लावून मेल शोधत असतात. ते असे असण्याची काही गरज नाही.

कॉन्फिगरेशन बदलून जे सुटत नाही तेही सांगितले पाहिजे. जुन्या पत्रांतील बराच मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो पाहताना मराठी दिसतो, पण फाइलीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, त्यामुळे युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द तिथे कधीच सापडणार नाही. स्कॅन केलेल्या पत्रांत तर मजकूरच नसतो, चित्र असते. या दोन मर्यादा लेखापरीक्षकांना आणि विधी विभागाला लेखी कळवा, म्हणजे शोधाचा निकाल शून्य आला तर त्याचा अर्थ ते योग्य तेवढाच घेतील.

पडताळणीची सुरुवात स्थलांतराच्या आधी, जुन्या सर्व्हरवर व्हायला हवी. विविध विभागांकडून खरे शोध गोळा करा: पाठवणाऱ्याचा पत्ता, दोन तारखांमधला काळ, विषयातील शब्द, मेलच्या मजकुरातील वाक्यांश, पीडीएफमधील बिल क्रमांक, मराठी शब्द. प्रत्येकाचा निकाल नोंदवून ठेवा. इथे एक फसवी गोष्ट आहे. स्फिंक्सच्या कुळातील यंत्रणा मूळ सेटिंगमध्ये एका शोधाला जास्तीत जास्त १,००० निकालच परत देतात. मोठा शोध घेतला तर दोन्ही सर्व्हरवर १,००० दिसतात आणि निकाल जुळल्यासारखे वाटते. म्हणून एक तर एकूण किती सापडले हा आकडा यंत्रणेलाच विचारा, नाही तर तारखेची मर्यादा घालून शोध लहान करा.

संख्येची तुलना महिनावार करा. मेटाडेटाच्या तक्त्यातील नोंदी मोजताना मुदत संपून पुसलेले मेल वगळा, कारण पायलर त्यांची नोंद ठेवतो आणि तिच्यावर पुसल्याची खूण करतो. त्यानंतर डेटाबेसमध्ये असलेले पण इंडेक्समध्ये नसलेले क्रमांक काढा. थोडे तरी सापडतील. बिघडलेली अटॅचमेंट, चुकीच्या रचनेचा मेल, जुन्या काळी डिस्क भरल्यामुळे अर्धवट राहिलेली फाइल अशी त्यांची कारणे असतात. प्रत्येकाची नोंद करून तोच मेल जुन्या सर्व्हरवर उघडतो का ते पाहा. तिथे उघडत असेल तर तुमच्या कॉपीत दोष आहे आणि तो आता दुरुस्त होऊ शकतो. तिथेही उघडत नसेल तर तो दोष स्थलांतराचा नाही, हे आजच्या तारखेने लिहून ठेवणे तुमच्या हिताचे आहे. उलट, काही शोधांत नवा सर्व्हर जास्त निकाल देईल. नव्या साधनांनी आधी न वाचलेल्या अटॅचमेंट वाचल्या, किंवा मराठी शब्द आता अखंड राहिले, हे त्याचे कारण असू शकते. पण कारण शोधल्याशिवाय वाढीव निकालही स्वीकारू नका.

हे सगळे एवढ्या काटेकोरपणे करण्यामागे कायद्याचेही कारण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७ नुसार, जतन केलेली इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे आणि ती कोठून आली, कोठे गेली, कोणत्या तारखेला व वेळी, हे ओळखता आले पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ मध्ये हिशेबाची पुस्तके व संबंधित कागद ८ वर्षे ठेवण्याचे बंधन आहे आणि त्या व्यवहारांचे स्पष्टीकरण अनेकदा मेलमध्येच असते. मेल न्यायालयात सादर करायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. मेल मधल्या काळात एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला असेल तर तो बदललेला नाही हे दाखवण्यासाठी पायलरच्या डेटाबेसमधील मूळ हॅश आणि तुमची स्थलांतराची नोंद या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. त्यासाठी दर वर्षातील काही मेल नव्या सर्व्हरवरून काढा, त्यांचे हॅश डेटाबेसमधील हॅशशी जुळवा आणि तो तक्ता नोंदीला जोडा.

जुना सर्व्हर किती दिवस ठेवायचा, हा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. माझा सल्ला असा, की पडताळणी पूर्ण झाल्यावरही किमान एक तिमाही, आणि शक्य असल्यास पुढचे वार्षिक लेखापरीक्षण संपेपर्यंत, तो इंटरनेटपासून तोडून, फक्त अंतर्गत जाळ्यातून आणि मोजक्या लोकांनाच उघडता येईल असा ठेवावा. आधार संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर संस्थेचा सगळा पत्रव्यवहार उघडा ठेवणे धोक्याचे आहे. त्यानंतर डिस्क पुसताना नव्या सर्व्हरचा बॅकअप एकदा वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहिलेला असावा. त्या बॅकअपमध्ये स्टोअर, डेटाबेस, की आणि शोधयंत्रणेची बदललेली कॉन्फिगरेशन फाइल असली पाहिजे. इंडेक्सच्या फाइली त्यात घेतल्या तर रिस्टोअरनंतर शोध लवकर सुरू होतो, पण त्या घ्यायच्या असतील तर शोधयंत्रणा थांबवून किंवा तिच्याच बॅकअपच्या साधनाने घ्याव्यात.